पडद्यावरचं दुःख, प्रयोगशाळेतले अश्रू

मुष्टियोद्धा बाप लढत जिंकतो, पण नंतर ड्रेसिंग रूममध्ये प्राण सोडतो. त्याचा लहानगा मुलगा त्याला हाका मारतो, हलवतो आणि हुंदके देत कोसळतो. फ्रँको झेफिरेली यांच्या ‘द चँप’ (१९७९) मधला हा प्रसंग. त्यातला २ मिनिटं ५१ सेकंदांचा तुकडा मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांमध्ये माणसांच्या मनात दुःख जागवण्यासाठी वर्षानुवर्षं वापरला जातो.

पण हे करायचंच कशासाठी? भावनेचा अभ्यास करायचा, तर ती त्या क्षणी मनात जागी असावी लागते. त्यासाठी कुणाला खरोखर दुखावणं अमानुष ठरेल. जुनी आठवण काढायला सांगावी, तर प्रत्येकाची आठवण निराळी. चित्रपटाचा तुकडा मात्र सगळ्यांना तोच आणि तेवढाच दाखवता येतो. तरीही पाहणाऱ्याला वाटतं ते खरंच असतं.

जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९९५ साली ही पद्धत शिस्तीत बसवली. अडीचशेहून अधिक चित्रपट चाळून त्यांनी ७८ तुकडे निवडले, ते ४९४ जणांना दाखवले आणि शेवटी १६ पक्के केले. भीतीसाठी ‘द शायनिंग’, हसण्यासाठी ‘व्हेन हॅरी मेट सॅली’, दुःखासाठी ‘द चँप’ आणि ‘बांबी’. मन निर्विकार ठेवण्यासाठी नुसते रंगीत पट्टेही त्यात होते.

प्रयोगात माणूस शांत खोलीत खुर्चीवर बसतो. बोटांना लावलेले इलेक्ट्रोड घामामुळे त्वचेत होणारा बदल टिपतात, छातीवरचे हृदयाचे ठोके मोजतात, कॅमेरा चेहऱ्यावर असतो. तुकडा संपला की प्रश्नावली येते: राग किती आला, किळस किती वाटली, हा चित्रपट आधी पाहिला होता का? एकच भावना ठळकपणे जागी झाली, तर तो तुकडा कामाचा.

राग मात्र सहजी हाती लागत नाही. ‘क्राय फ्रीडम’मध्ये पोलीस शाळकरी मुलांवर गोळ्या झाडतात. ते पाहून संताप येतो, पण सोबत दुःख आणि तिटकाराही येतो. अन्याय दुसऱ्यावर होताना पाहणं आणि तो स्वतः सोसणं यांत फरक आहे. भाषेचाही प्रश्न असतो. म्हणूनच बेल्जियममधल्या संशोधकांनी २०१० साली फ्रेंच भाषकांसाठी ७० तुकड्यांचा वेगळा संच तयार केला. मराठी प्रेक्षकांवर प्रयोग करायचा, तर तुकडेही आपल्या माणसांवर पारखूनच घ्यायला हवेत.

या पद्धतीनं दिलेली सर्वांत मोलाची शिकवण जुनी आहे. १९६० च्या दशकात रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी मुलांच्या वेदनादायी दीक्षाविधीचा मूकपट प्रेक्षकांना दाखवला. दृश्यं तीच, निवेदनं वेगवेगळी. एकात वेदनेवर भर, एकात मुलं आनंदात असल्याचं वर्णन, एकात अभ्यासकाचा तटस्थ सूर. वेदनेवर भर देणाऱ्या निवेदनानं प्रेक्षकांच्या शरीरातला ताण वाढला, बाकीच्या दोन्हींनी तो उतरला.

पुढे १९९८ मध्ये ग्रॉस यांनी हात कापण्याच्या शस्त्रक्रियेची फिल्म दाखवली. काहींना आधीच सांगितलं, तटस्थ नजरेनं पाहा. त्यांना किळस कमी वाटली. काहींना सांगितलं, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. त्यांचे चेहरे शांत राहिले, पण किळस तेवढीच वाटली आणि आतून शरीर जास्तच ताणलं गेलं.

आपल्या घरांत ‘रडू नकोस’ हे वाक्य मुलांच्या कानावर सतत पडतं. या प्रयोगांकडे पाहिलं, की त्याऐवजी मुलाजवळ बसून घडलेल्या गोष्टीचा अर्थ त्याच्याशी बोलावा, असं मला मनापासून वाटतं. आवंढा गिळायला लावल्यानं दुःख हलकं होत नाही; त्याच्याकडे पाहायची वेगळी नजर मिळाली, तर ते पेलणं सोपं जातं.