अमाइन द्रावकाद्वारे कार्बन डायऑक्साइड शोषणाचे प्रतिमान

अमाइन द्रावकाद्वारे कार्बन डायऑक्साइड शोषणाचे प्रतिमान म्हणजे धूरवायूतील कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या मनोऱ्यातील वस्तुमान व उष्णतेचे संक्रमण समीकरणांनी मांडणारी गणिती पद्धत होय. मनोऱ्याची उंची, द्रावकाचा प्रवाह व लागणारी उष्णता यांचा अंदाज उभारणीपूर्वी तिच्या आधारे बांधता येतो.

कार्यपद्धती

कोळशाच्या धूरवायूत साधारणतः १२ ते १४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. थंड केलेला धूरवायू मनोऱ्यात तळातून वर जातो, तर मोनोइथेनॉलअमाइनचे सुमारे ३० टक्के जलीय द्रावण वरून ओघळते. वायूच्या एका रेणूशी अमाइनचे दोन रेणू संयोग पावून कार्बामेट बनते. हे द्रावण दुसऱ्या मनोऱ्यात ११० ते १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यावर वायू मुक्त होतो व द्रावक पुन्हा वापरता येतो.

प्रतिमानाची मांडणी

समतोल प्रतिमानात प्रत्येक टप्प्यावर वायू व द्रव समतोलास पोहोचतात असे गृहीत धरतात. प्रत्यक्षात तसे क्वचितच घडते. वेगाधारित प्रतिमान व्हिटमन यांच्या द्विपटल सिद्धान्तावर (१९२३) आधारलेले आहे. रासायनिक अभिक्रियेमुळे शोषण किती पटींनी वाढते, हे त्यात वृद्धी गुणकाने दर्शवितात. मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातील प्राध्यापक मनमोहन शर्मा आणि केंब्रिजचे पीटर डँकवर्ट्स यांचा अल्क व अमाइन द्रावणांतील शोषणावरील १९६६ चा लेख या विषयात मूलभूत मानला जातो.

वऱ्हाडाच्या संदर्भात

अकोला जिल्ह्यातील पारस येथे प्रत्येकी २५० मेगावॅटचे, तर अमरावतीजवळील नांदगाव पेठ येथे प्रत्येकी २७० मेगावॅटचे औष्णिक संच आहेत. कोळशावरील वीजनिर्मितीत प्रतियुनिट साधारण ०.९ ते १ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे पूर्ण क्षमतेने चालणारा २५० मेगावॅटचा संच तासाला सव्वादोनशे ते अडीचशे टन वायू सोडतो. त्यातील २०० टन वेगळा करण्यास, प्रतिटन सुमारे ३.५ ते ४ गिगाज्यूल या हिशेबाने, जवळपास २०० मेगावॅट इतकी औष्णिक शक्ती लागते. ही उष्णता संचाच्याच वाफेतून घेतल्यास वीजनिर्मिती घटते.

शोषणासाठी द्रावक साधारणतः ४० अंशांवर मनोऱ्यात सोडतात. अकोल्यात मात्र उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तापमान वाढल्यास अभिक्रियेचा वेग वाढतो, पण द्रावणावरील वायूचा समतोल दाबही वाढल्याने शोषणाची प्रेरणा घटते. कोरड्या हवेत बाष्पीभवनाने शीतन चांगले होते. परंतु त्यासाठी पाणी खर्ची पडते आणि उन्हाळ्यात या प्रदेशात त्याचीच टंचाई असते. त्यामुळे येथील प्रतिमानात स्थानिक तापमान, आर्द्रता व पाण्याची उपलब्धता यांचा समावेश न केल्यास मनोऱ्याची उंची आणि खर्च या दोन्हींचे अंदाज चुकतात.