म्युझिक सिस्टिमसाठी एक्स्टेन्शन बोर्ड घेताना

अ‍ॅम्प्लिफायर, सीडी प्लेयर, वडिलांच्या वेळचा दुरुस्त करून घेतलेला टर्नटेबल, शेजारी टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स. दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात एवढी मंडळी जमतात आणि भिंतीवर सॉकेट असतं एकच. मग पन्नास हजारांची सिस्टिम हौसेनं घेणारं कुटुंब कोपऱ्यावरच्या दुकानातून शंभर-दीडशे रुपयांचा बोर्ड उचलून आणतं. याउलट काही शौकीन असे, की खास संगीतासाठी म्हणून विकला जाणारा बोर्ड हजारो रुपये मोजून घेतात. हिशेब दोघांचाही चुकतो, पण पहिल्याची चूक जिवावर बेतू शकते.

आधी महागड्या बोर्डाचं पाहू. विक्रेता सांगतो, यानं आवाज खुलतो. जरा विचार करा. ट्रान्सफॉर्मरपासून तुमच्या भिंतीपर्यंत वीज कित्येक मीटर साध्या तारांतूनच येते. शिवाय अ‍ॅम्प्लिफायरच्या आत ती डीसी करून मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवली जाते आणि मगच स्पीकरच्या वाट्याला येते. शेवटच्या दीड मीटरला चांदीचा मुलामा देऊन सूर कसा बदलणार? तेच पैसे चांगल्या स्पीकरवर खर्च करा, फरक कानांना लगेच कळेल.

विजेचा भारही फार नसतो. घरच्या आवाजात वाजणारी सिस्टिम टीव्हीसकट सहसा ५०० वॅटच्या आतच राहते. ६ अँपियरचा बोर्ड २३० व्होल्टवर १३८० वॅटपर्यंत चालतो. मात्र त्याच बोर्डात इस्त्री किंवा हीटर लावू नका. फ्रिजही नको, त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना स्पीकरमध्ये ‘टक्’ आवाज येऊ शकतो. एका बोर्डात दुसरा बोर्ड अडकवणं तर कटाक्षानं टाळा.

अर्थिंग आहे का?

खरा प्रश्न हा आहे. जुन्या इमारतींत, बदलीच्या गावी घेतलेल्या भाड्याच्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे तारच नसते. अशा ठिकाणी कितीही भारी बोर्ड लावला तरी अर्थिंग मिळणार नाही. म्हणून बोर्ड घेण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. फेज आणि अर्थ यांच्यात मीटरवर साधारण फेज-न्यूट्रलइतकाच व्होल्टेज दिसला पाहिजे. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात फार तर दोन-चार व्होल्ट. तीन पिनांच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीला हात लावताच मुंग्या येत असतील, तर अर्थिंगबद्दल शंका घ्याच. ज्या उपकरणावर एकात एक दोन चौकोनांची खूण असते, त्याला मात्र अर्थची गरज नसते. त्याचा दोन पिनांचा प्लग ठीकच आहे.

स्पीकरमधून सतत ‘हूंऽऽ’ असा भुंग्यासारखा आवाज येतो, ही घरोघरची तक्रार. सगळी उपकरणं एकाच बोर्डातून जोडली, म्हणजे सर्वांचा अर्थ एकाच जागी आला, की बहुतेक वेळा तो थांबतो. बोर्डाचा सिस्टिमला खरा उपयोग इथेच आहे. तरीही राहिला, तर केबल टीव्हीची वायर काढून पाहा. तिची बाहेरची जाळी दुसरीकडेच अर्थ झालेली असू शकते. वायर काढताच भुंगा गेला, तर केबलवाल्याला त्या वायरवर आयसोलेटर बसवायला सांगा. टर्नटेबल असेल तर त्याची बारीक अर्थ-वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूला लागली आहे का, तेही बघा.

काही मेकॅनिक यावर झटपट उपाय सुचवतात : प्लगची मोठी पिन काढून टाका. आवाज जाईल हे खरं. पण उद्या आतली एखादी फेजची तार पेटीला टेकली, तर फ्यूज उडणार नाही, पेटीतच करंट उतरेल. आणि गाणं लावायला हात घालणारं घरातलं लहान मूलही असू शकतं.

स्पाइक गार्ड म्हणजे काय?

त्याच्या पोटात एमओव्ही नावाची नाण्याएवढी चकती असते. व्होल्टेजचा क्षणिक झटका आला की ती तो स्वतःवर घेते. दर झटक्यागणिक ती झिजते आणि एक दिवस निकामी होते, बोर्ड मात्र चालूच राहतो. म्हणून चकती शाबूत असल्याचं दाखवणारा वेगळा दिवा असलेलाच बोर्ड घ्या. इमारतीचा न्यूट्रल तुटून व्होल्टेज ३०० च्या पुढे गेला आणि तसाच राहिला, तर स्पाइक गार्ड काही करू शकत नाही. त्यासाठी व्होल्टेज वाढताच वीज तोडणारं उपकरण वेगळं घ्यावं लागतं.

दुकानात बोर्ड हातात घ्या. आयएसआयची खूण पाहा. सोबत आणलेला प्लग प्रत्येक सॉकेटमध्ये घालून बघा, तो घट्ट बसला पाहिजे. कोणतीही पिन चालेल असं सांगणारी मोठ्या भोकांची सॉकेटं लवकर सैल होतात. मग आत ठिणग्या उडतात, प्लास्टिक करपतं. भोकांना आतून झडपा हव्यात. तार तीनपदरी, तांब्याची, १ चौरस मिलिमीटर किंवा त्याहून जाड असावी. ओव्हरलोडचं बटण हवंच. बोर्ड गालिच्याखाली दडवू नका.

आणि वळवाच्या पावसात ढग गडगडू लागले, की बोर्डाचा नुसता स्विच बंद करून थांबू नका. प्लगच भिंतीतून काढा, केबल आणि अँटेनाची वायरही. हे सगळं वीज जवळ येण्याआधीच उरका.