लिंकनचा मजूर आणि वऱ्हाडातली पऱ्हाटी
(लेखांक ५)

कारंजा लाडच्या जिनिंगमध्ये गाडी रिकामी झाली की कापसाच्या दोन वाटा होतात. सरकी एकीकडे पडते, रुई प्रेसकडे जाते. या रुईचा भाव अमेरिकेतल्या घडामोडींवर हलू लागला, त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली.

मागच्या लेखांकात आपण जेफरसनचा शेतकरी पाहिला. स्वतःच्या जमिनीवर राबणारा, कुणाचा मिंधा नसलेला माणूसच स्वातंत्र्य राखील, असे जेफरसन मानत होता. त्याच्या स्वतःच्या मळ्यात मात्र गुलाम राबत. लिंकनने हा विचार मजुरापर्यंत नेला. १८५९ साली मिलवॉकीच्या कृषी प्रदर्शनात त्याने मांडले, की आजचा मजूर चार पैसे साठवील, पुढे जमीन घेईल आणि नंतर दुसऱ्याला कामावर ठेवील. मजुरी म्हणजे आयुष्याचा एक टप्पा.

पण गिरणीला लागत होता स्वस्त कापूस. १८६० मध्ये अमेरिकेत सुमारे ४० लाख गुलाम होते, आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा बहुतेक कापूस त्यांच्या हातचा. १८६१ ला यादवी पेटली, दक्षिणेची बंदरे रोखली गेली आणि इंग्लंडची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८५३ सालीच इंग्रजांनी हा प्रांत निजामाकडून आपल्या ताब्यात घेतला होता. भाव चढले, पऱ्हाटीचा पेरा वाढला. १८६५ ला युद्ध थांबले आणि भाव कोसळले. सावकाराचे देणे मात्र तसेच राहिले.

मला खरी बोचते ती यापुढची हकीकत. दक्षिणेत गुलाम मोकळे झाले, पण बहुतेकांना जमीन मिळाली नाही. ते पुन्हा जमीनदाराच्याच रानात बटईने राबू लागले. दुकानदार बी-धान्य उधार देई, त्यापोटी उभे पीक गहाण पडे, आणि कापूसच लाव असा त्याचा आग्रह असे. इकडे वऱ्हाडात सावकाराच्या वहीत वेगळे काय लिहिले जात होते? अमेरिकेच्या उत्तरेतल्या गिरण्याही एवढ्या मोठ्या झाल्या, की पगारातून साठवून मालक होण्याची आशा कामगाराने ठेवावी तरी कशी? लिंकनच्या मजुराची पुढची पायरीच निखळली.

गुलामांच्या मुक्ततेचे मोल जोतीराव फुल्यांनी नेमके जाणले होते. १८७३ चा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी त्यासाठी झटलेल्या अमेरिकी लोकांनाच अर्पण केला. दहा वर्षांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना त्यांनी कर्ज, कोर्टकचेऱ्या आणि सारा यांत पिचलेला कुणबी समोर ठेवला. हे दोन्ही ग्रंथ सलग वाचावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

पुढे कारंजावरून मूर्तिजापूर–यवतमाळ ‘शकुंतला’ रेल्वे धावली, तीही वऱ्हाडातल्या याच कापसासाठी.

उधारीत अडकलेले अमेरिकी कापूसकरी मात्र गप्प बसले नाहीत. सरकारी गोदामात माल ठेवून किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत अल्प व्याजाने उचल मिळावी, अशी मागणी त्यांनी १८८९ मध्ये केली. ती मागणी आणि महाराष्ट्राची १९७२ ची कापूस एकाधिकार खरेदी पुढच्या लेखांकात शेजारी ठेवून पाहू.