जुनी गाडी, हाताखालची गाडी



कापसाचा पहिला वेचा विकून घरात चार पैसे आले, की आम्हा कृषी खात्याच्या माणसांकडे एक प्रश्न हमखास येतो. तो बियाण्याचा नसतो, खताचा नसतो, बोंडअळीचाही नसतो. "साहेब, घरची गाडी पंधरा-वीस वर्षांची झाली. काढून टाकू काय? नवी घ्याव म्हन्तो."

मी बी.एस्सी. ॲग्री झालेला माणूस, गाड्यांचा इंजिनिअर नव्हे. पण यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीपासून उमरखेडपर्यंतच्या पांदणरस्त्यांवर माझी नोकरी दुचाकीवरच गेली आहे. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर अनुभवाने देतो. पटले तर घ्या, नाही तर सोडून द्या.

माझ्याच गाडीची गोष्ट

नोकरीला लागलो तेव्हा मी एक जुनी हिरो होंडा सीडी १०० घेतली होती. पंचवीस वर्षे ती चालवली. मग मुलांनी आग्रह धरला म्हणून नवी गाडी घेतली आणि जुनी गोठ्याच्या कडेला उभी केली. २०२२ च्या जूनमध्ये, ऐन पेरणीच्या दिवसांत, एका ओढ्यातून काढताना नवी गाडी बंद पडली. समोर पिवळा दिवा लागला तो विझेना. ढकलत फाट्यावर नेली. तिथे निंबाखाली आमचे ओळखीचे मिस्त्री बसतात. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि हात पुसले. "साहेब, इचं दुखनं आपल्याले नाही समजत. इचा डॉक्टर यवतमाळले."

गाडी मालवाहू टेम्पोत घालून जिल्ह्याच्या गावी नेली. यंत्र लावून तपासणी झाली. बोटाच्या पेराएवढा एक सेन्सर गेला होता. तो बाहेरून मागवावा लागला. नऊ दिवस गेले. या नऊ दिवसांत माझ्या हद्दीतली पेरणी थांबणार नव्हती. शेवटी गोठ्यातली जुनी गाडी काढली. टाकीतले शिळे पेट्रोल ओतून टाकले, नवे भरले, प्लग काढून काजळी घासली, हवा भरली. चौथ्या किकला ती सुरू झाली. त्या दिवसापासून ती पुन्हा माझी रोजची गाडी आहे. नवी आता लांबच्या डांबरी रस्त्याला नेतो.

फरक कशात आहे?

जुन्या गाडीत पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण कार्ब्युरेटर करतो. टाकीतले पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली येते, वाटीत साठते आणि बारीक छिद्राच्या जेटमधून इंजिन ते ओढून घेते. कचरा अडकला तर जेट काढायचा, फुंकर मारायची आणि परत बसवायचा. बिघाड डोळ्यांना दिसतो आणि पाना-पक्कड असलेल्या हाताला तो सापडतो.

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहाचे प्रदूषण नियम लागू झाले. त्यानंतरच्या दुचाकींत बहुतेक ठिकाणी कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. त्यात विजेवरचा पंप पेट्रोल दाबाने पाठवतो आणि किती थेंब सोडायचे ते एक छोटा संगणक सेन्सरांना विचारून ठरवतो. यात वाईट काही नाही. धूर कमी होतो, थंडीत गाडी लवकर सुरू होते, पेट्रोलही नेमके जळते. पण बॅटरी पार उतरली, तर यातल्या कित्येक गाड्या किक मारूनही सुरू होत नाहीत, कारण पंपालाच वीज नसते. आणि सेन्सर फुंकर मारून दुरुस्त होत नाही. शहरात कोपऱ्यावर दुरुस्ती केंद्र असते. आपल्या वावरापासून ते चाळीस किलोमीटरवर असते. खरा फरक हा आहे.

शकुंतलेचा धडा

आपल्या जिल्ह्यातल्या वडीलधाऱ्यांना शकुंतला आठवत असेल. यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी दारव्ह्यावरून जाणारी ती अरुंद रुळांची गाडी. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने वऱ्हाडातला कापूस बाहेर नेण्यासाठी ती टाकली होती. तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनले, १९२३ मध्ये रुळांवर आले आणि एप्रिल १९९४ मध्ये निवृत्त झाले. म्हणजे सत्तर वर्षे! पुढे डिझेल इंजिन आले आणि आता तर ती गाडीच बंद आहे. पण विलायतेतले यंत्र सत्तर वर्षे आपल्या उन्हा-पावसात टिकते, ते केवळ मजबूत लोखंडामुळे नव्हे. त्याचा प्रत्येक भाग उघडता येत होता आणि तो उघडणारी, घासणारी, जोडणारी माणसे जवळ होती. यंत्राचे आयुष्य दुरुस्ती करणाऱ्या हातावर असते, एवढे आपण त्यातून घ्यावे.

हप्ता महिन्याचा, पीक वर्षाचे

आता पैशाचे बोलू. हा ढोबळ हिशोब आहे, यात तुमचे आकडे घालून पाहा.

धरा, नवी दुचाकी रस्त्यावर यायला ९५,००० रुपये लागतात. २०,००० रोख दिले, ७५,००० चे कर्ज काढले आणि महिना २,९०० रुपयांचे ३६ हप्ते पडले. एकूण हप्ते १,०४,४०० रुपये, म्हणजे २९,४०० रुपये व्याज. वर्षाचे हप्ते ३४,८०० आणि सर्व्हिसिंग २,५०० मिळून ३७,३०० रुपये झाले.

जुन्या गाडीला वर्षाला चार वेळा ऑइल व मजुरी १,८०० रुपये, चेन-स्प्रॉकेटचे वाटून ८००, टायर-ट्यूबचे वाटून १,५००, क्लच प्लेट, वायर, प्लग, ब्रेक शू १,५००, बॅटरी, पंक्चर आणि नोंदणीचा खर्च वाटून १,७००. बेरीज ७,३०० रुपये. जुनी गाडी लिटरला ५० किलोमीटर आणि नवी ६० देते असे धरले, तर वर्षाच्या ६,००० किलोमीटरला २० लिटर पेट्रोल जास्त लागेल. १०५ रुपयांनी त्याचे २,१०० झाले. एकूण ९,४००. विमा दोन्हींना लागतोच.

वर्षाला सुमारे २८,००० रुपयांचा हा फरक आहे. तीन वर्षांनी नवी गाडी फिटते आणि घरात राहते, हेही खरे. पण कास्तकाराला महिन्याचा पगार नसतो. सोयाबीन दिवाळीच्या सुमारास, कापूस त्यानंतर, तूर पुढे. मग पुढच्या हंगामापर्यंत पेटी रिकामी. हप्ता मात्र जूनमध्येही येतो आणि जुलैमध्येही. त्या दिवसांत हप्ता भरायला बी-खताचे पैसे मोडतात, नाही तर सावकाराचा उंबरठा चढावा लागतो. ज्या घरात नवी गाडी आली आणि त्याच वर्षी खत उधारीवर आले, अशी घरे मी पाहिली आहेत.

ती रात्र

२०१७ चा खरीप आपला जिल्हा विसरणार नाही. फवारणीच्या औषधाची विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर त्या हंगामात दगावले. त्याच दिवसांत एका गावात मी मुक्कामाला होतो. दिवसभर कपाशीवर फवारणी केलेल्या एका मजुराला रात्री दहाच्या सुमारास उलट्या सुरू झाल्या. डोळ्यांपुढे अंधार येऊ लागला. १०८ ला फोन लावला, गाडी निघाली. पण पावसाने पांदण फुटली होती, रुग्णवाहिका गावात येणे शक्य नव्हते. अडीच किलोमीटर चिखल तुडवून डांबरी रस्त्यावर पोचायचे होते.

मालकाच्या दारात चकचकीत नवी गाडी उभी होती. तिला किक नव्हती आणि बटण दाबले तर नुसती टक्-टक्. शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी आपली दूध घालायची जुनी गाडी काढली. हेडलाइट मिणमिणता, सीट फाटलेले. पण दुसऱ्या किकला इंजिन बोलू लागले. दोघांच्या मध्ये आजाऱ्याला बसवून, चिखलात पाय टेकत टेकत, ते रस्त्यावर पोचले. रुग्णवाहिका तिथे उभीच होती. तो माणूस वाचला. पुढे बाबांना मी गाडीचे वय विचारले, तर म्हणाले, "वय मोजून काय करता साहेब? रातच्याले सुरू होते, तेवढं मले पुरते."

जुनी म्हणजे कोणती?

इथे एक सावधगिरीचा शब्द. प्रत्येक जुनी गाडी चांगली नसते. १९७२ मध्ये आलेली लुना, त्याच सुमाराची चेतक, एस्कॉर्ट्सची राजदूत, दूधवाल्यांची लाडकी एम-८०, या गाड्यांनी एक काळ गाजवला. पण त्यांचे कारखान्यातले उत्पादन थांबून वर्षे झाली. काही भाग अजून मिळतात, काही भंगारात शोधावे लागतात. रोजच्या कामाला अशी गाडी घेऊ नये, हौस असेल तर ठेवावी.

जी गाडी लाखोंच्या संख्येने, वर्षानुवर्षे फारसा बदल न होता बनली, तीच रोजच्या कामाची. १९८५ ची सीडी १०० आणि १९९४ मध्ये आलेली स्प्लेंडर ही त्या जातीची उदाहरणे. तिचे सुटे भाग पुसदला मिळतात, वणीला मिळतात, दिग्रसला मिळतात, आणि फाट्यावरच्या मिस्त्रीला ती डोळे मिटून उघडता येते. तेव्हा घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा. एक, तुमच्या गावच्या मिस्त्रीने ती पूर्वी खोलली आहे काय. दोन, तिची क्लच वायर आणि ब्रेक शू तालुक्याच्या बाजारात त्याच दिवशी मिळतात काय. तीन, कागदपत्रे स्वच्छ आहेत काय.

जुन्या गाडीचे दोष

दोष लपवून सांगणे बरे नव्हे. जुन्या गाडीचे ब्रेक कमी ताकदीचे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही चाकांचे जोड ब्रेक आणि त्यावरील गाड्यांना चाक न अडकू देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली. जुन्यांत ती नाही. मुलगा रोज महामार्गाने कॉलेजला किंवा नोकरीला जात असेल, तर त्याला नवीच गाडी द्या. तिथे पैशाकडे पाहू नका.

दुसरे, आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ऊस आणि मका पिकवणाऱ्याला त्याचा फायदा आहे. पण इथेनॉल पाणी ओढते आणि जुने रबर त्याने लवकर खराब होते. म्हणून पेट्रोलची रबरी नळी दरवर्षी बदला, पावसाळ्यात गाडी महिनामहिना उभी ठेवू नका.

तिसरे, कागद. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. दुचाकीसाठी त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून १,००० रुपये झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील दुचाकीला २,००० रुपये केले गेले. पर्यावरण कर वेगळा. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची आहे. पीयूसी आणि विमा चुकवू नका. नोंदणी संपलेल्या गाडीला अपघात झाला, तर विम्याचा दावा अडतो आणि घर उघडे पडते.

आणि चौथे, चासी गंजून सडली असेल किंवा इंजिन निळा धूर ओकत असेल आणि दोनदा काम करूनही थांबत नसेल, तर मोह सोडा. म्हाताऱ्या बैलाला नांगराला जुंपू नये.

घरात शिका, घरात शिकवा

गाडीच्या डिकीत एक फडके, प्लग पाना, पक्कड, एक जादा प्लग, क्लच वायर आणि चेनची कडी एवढे असू द्या. आपली काळी माती मडगार्डमध्ये भरून चाक अडवते. पावसाळ्यात रोज काडीने ती काढा. आठवड्याला चेन धुऊन तेल द्या. एअर फिल्टरमध्ये मळणीच्या दिवसांत भुसा बसतो, तो झटका. प्लग काढून साफ करणे दहा मिनिटांत येते, आणि ते पोरांनाच नव्हे, लेकी-सुनांनाही आले पाहिजे. आज बचत गटाच्या बैठकीला आणि दवाखान्याला त्याच गाडी काढतात. वाटेत बंद पडली तर कुणाची वाट पाहत बसावे लागू नये.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे शेकतो. वर्षभर ओढलेल्या ओझ्याची ती जाण असते. यंदा त्याच संध्याकाळी अंगणातली गाडीही धुवा, तिची चेन ओढून पाहा, ब्रेक तपासा, प्लग घासा. मग नवी घ्यायची की नाही, ते ठरवा.