ईदच्या केकमधला व्हॅनिला

पुण्यात केक म्हटला की ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी आठवते. पण यंदा आमच्या मुलीने हट्ट धरला, ‘ईदला शीरखुर्म्याबरोबर घरचा मार्बल केक हवा.’ सामान आणले, तशी सासूबाईंनी बाटली हातात घेतली. ‘या इसेन्समध्ये दारू असते म्हणे. खरे का?’

प्रश्न रास्त होता. व्हॅनिलाच्या शेंगांचा अर्क अल्कोहोलमध्ये काढतात; अमेरिकेच्या नियमाप्रमाणे अशा अर्कात किमान 35 टक्के अल्कोहोल लागते. आपल्याकडचे स्वस्त इसेन्स बहुधा कृत्रिम असते आणि त्यात पुष्कळदा प्रोपिलीन ग्लायकोल वापरतात. लेबल वाचल्याशिवाय हे कळत नाही. हिरव्या ठिपक्यावर विसंबू नये. त्यावरून जनावरापासून केलेले जिलेटिन नाही एवढे समजते, अल्कोहोलचे समजत नाही. अशा इसेन्सबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत, म्हणून आपल्या आलिमांना विचारावे. आम्ही अल्कोहोल नसलेली बाटली बदलून आणली. व्हॅनिला पावडरही चालते.

व्हॅनिला आणि कोको यांची सोबत जुनी आहे. मेक्सिकोतले अझ्टेक लोक कोकोच्या पेयात व्हॅनिला घालत. कोकोचा कडवटपणा व्हॅनिलाच्या गोड वासाने सौम्य वाटतो. चॉकलेटच्या वेष्टनावर पाहा, बहुतेक वेळा व्हॅनिलाचे नाव असतेच. ही शेंग जगभर पोहोचली ती एका गुलाम मुलामुळे. 1841 मध्ये रियुनियन बेटावर बारा वर्षांच्या एडमंडने तिच्या फुलाचे हाताने परागीकरण करण्याची सोपी रीत शोधली. आजही शेतात तीच रीत चालते. तो स्वतः मात्र 1880 मध्ये गरिबीत वारला.

आता केक. अर्धी वाटी लोणी आणि एक वाटी पिठीसाखर फेसावी. तीन अंडी एकेक करून घालावीत. दीड वाटी मैदा आणि दीड लहान चमचा बेकिंग पावडर चाळून, अर्धी वाटी दुधाबरोबर मिसळावी. एक लहान चमचा व्हॅनिला आताच, मिश्रणाचे दोन भाग करण्याआधी घालावा. कोकोच्या भागालाही त्याची गरज असते. मग एका भागात दोन मोठे चमचे कोको कोमट दुधात कालवून घालावा. भांड्यात दोन्ही आळीपाळीने ओतून सुरी एकदाच फिरवावी. ओव्हन नसेल तर कुकरमध्ये मीठ पसरून, शिट्टी व रबर काढून, मंद आचेवर सुमारे 45 मिनिटे भाजावा.

ईदच्या दिवशी पहिला तुकडा सासूबाईंनीच उचलला. बिस्मिल्लाह म्हणून खाल्ला आणि म्हणाल्या, ‘बाटलीचे नाव लिहून ठेव.’