एका चिपवर अनेक मेंदू

मायक्रोकंट्रोलर म्हणजे गणित करणारे केंद्र, स्मृती आणि बाहेरच्या तारा जोडण्याच्या पिना एकाच चिपवर सामावणारा घटक. त्यात अशी केंद्रे, म्हणजे कोअर, एकाहून अधिक असली की हौशी तंत्रज्ञाला एकमेकांच्या आड येणारी कामे त्यांच्यात वाटून देता येतात. अमेरिकेतील पॅरलॅक्स कंपनीने 2006 मध्ये आणलेल्या ‘प्रोपेलर’मध्ये आठ कोअर होते, तर 2021 मध्ये आलेल्या, खिशाला सहज परवडणाऱ्या ‘रास्पबेरी पाय पिको’त दोन आहेत.

सांगलीत या वाटणीचे मोल चटकन उमगते, कारण येथे आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 40 फुटांवर गेली की इशारा आणि 45 फुटांवर गेली की धोका मानतात. ही पातळी मोजणाऱ्या यंत्राने सोडलेला श्राव्यातीत ध्वनी, म्हणजे कानाला ऐकू न येणारा ध्वनी, एक मीटर खालच्या पाण्यावरून सुमारे 6 मिलिसेकंदांत परततो, आणि त्या क्षणी एकुलता कोअर संदेश पाठवण्यात गुंतलेला असेल तर मोजणी चुकू शकते. दोन असले की एक निवांत मोजत राहतो आणि दुसरा संदेश धाडतो. साताऱ्याच्या घाटमाथ्यावरील पर्जन्यमापकालाही हीच युक्ती उपयोगी पडेल.

1947 पासून सांगलीत असलेल्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातील आणि आसपासच्या शाळांतील विद्यार्थ्यांनी असे यंत्र स्वतः जोडून त्याचे आकडे सरकारी मोजपट्टीशी अवश्य ताडून पाहावेत.