गहू : खते व वृद्धिनियंत्रके

गव्हाच्या वाढीवर व उत्पन्नावर खतांचा, विशेषतः नायट्रोजनयुक्त खतांचा, होणारा परिणाम एका मर्यादेपर्यंतच हितकारक असतो. पाण्याची सोय असलेल्या सुपीक जमिनीत ही मर्यादा बहुधा पिकाच्या भुकेने नव्हे, तर खोडाच्या बळकटीने ठरते. वृद्धिनियंत्रकांचे गव्हाच्या शेतीतील स्थान त्यामुळेच निर्माण झाले.

नायट्रोजनाने फुटव्यांची संख्या, पानांचे क्षेत्रफळ व ओंबीतील दाण्यांची संख्या वाढते. पेरणीनंतर सु. २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात. म्हणून बागायती पिकास निम्मा नायट्रोजन पेरणीच्या वेळी व उरलेला या सुमारास पहिल्या पाण्याबरोबर देतात. फॉस्फरस जमिनीत फारसा सरकत नसल्याने तो पेरतानाच बियाण्याच्या खाली पडणे इष्ट असते. पोटॅशही पेरणीच्या वेळीच देतात. फुलोऱ्याच्या सुमारास दिलेल्या नायट्रोजनाने दाण्यातील प्रथिने वाढतात, उत्पन्न मात्र फारसे वाढत नाही.

नायट्रोजन जास्त झाल्यास खोडाची खालची कांडी लांबट व नरम होतात, दाट पानांमुळे त्यांना प्रकाश मिळत नाही आणि ओंबी भरल्यावर वाऱ्याने किंवा ओलिताने पीक लोळते. लोळलेल्या पिकाचे दाणे सुरकुततात व कापणी अवघड होते. भारतातील जुन्या उंच वाणांना भरपूर खत देणे याच कारणाने अंगावर येई.

या अडचणीवर दोन मार्गांनी उपाय निघाला. पहिला आनुवंशिक होता. जपानमध्ये १९३५ साली प्रसारित झालेल्या नोरिन-१० या बुटक्या गव्हाचा संकर अमेरिकेत ऑरव्हिल व्होगेल यांनी व पुढे मेक्सिकोत नॉर्मन बोर्लॉग यांनी केला. त्यातून निघालेल्या वाणांचे सु. १८,००० टन बियाणे भारताने १९६६ मध्ये आयात केले. कल्याणसोना व सोनालिका हे वाण त्याच परंपरेतील होत. दुसरा उपाय रासायनिक. अमेरिकेतील मिशिगन येथे एन्. ई. टॉलबर्ट यांनी १९६० मध्ये क्लोरमेक्वाट (सायकोसेल) या संयुगाचा खुजेपणा आणणारा परिणाम प्रसिद्ध केला आणि यूरोपात, विशेषतः जर्मनीत, ते गव्हावर मोठ्या प्रमाणात वापरात आले.

दोन्ही उपायांचे मर्म एकच आहे, हे लक्षणीय होय. खोडाची लांबी जिबरेलीन या वनस्पति-हॉर्मोनावर अवलंबून असते. नोरिन-१० मधील जीन असलेली वनस्पती या हॉर्मोनास पुरेशी दाद देत नाही (याचा रेणवीय उलगडा १९९९ मध्ये झाला), तर क्लोरमेक्वाटामुळे ते मुळातच कमी तयार होते. बुटक्या वाणांची ही असंवेदनशीलता अंशतःच असल्याने त्यांच्यावरही फवाऱ्याचा काही परिणाम होतो. वायव्य भारतात शिफारशीच्या दीडपट खत दिलेल्या गव्हावर क्लोरमेक्वाट व टेब्युकोनॅझोल या कवकनाशकाचे मिश्रण पहिले पेर दिसताना व ध्वजपर्णाच्या वेळी फवारण्याची शिफारस आहे.

फवाऱ्याची वेळ चुकल्यास लाभ होत नाही. एथिलीन वायू मुक्त करणारे एथेफॉन पोटरीच्या नाजूक अवस्थेत पडल्यास परागकण वांझ होऊन दाणे कमी भरतात. पाण्याचा ताण पडलेल्या पिकावर ही द्रव्ये वापरू नयेत. धान्यात त्यांचे अवशेष राहू शकतात; म्हणून अनेक देशांनी त्यांवर कमाल मर्यादा घातली आहे. वृद्धिनियंत्रक हे खत नव्हे, ही गोष्ट विक्रेत्यांच्या जाहिरातींत पुष्कळदा झाकली जाते. पीक लोळण्याचा संभव नसेल, तर त्यापासून मिळणारी वाढ अल्प व अनिश्चित असते.

महाराष्ट्रात हिवाळा अल्प असून फेब्रुवारी-मार्चमधील वाढत्या उष्णतेने दाणे लवकर पक्व होतात. त्यामुळे येथे वृद्धिनियंत्रकांपेक्षा वेळेवर पेरणी व ओलीत यांना अधिक महत्त्व आहे. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हास सामान्यतः हेक्टरी १२० किग्रॅ. नायट्रोजन, ६० किग्रॅ. फॉस्फेट व ४० किग्रॅ. पोटॅश देतात. काळ्या जमिनीतील ओलाव्यावर येणाऱ्या जिरायती बन्सी गव्हास यांपैकी नायट्रोजनाचा सु. एक-तृतीयांश भाग पुरतो. त्याहून बराच जास्त दिल्यास सुरुवातीच्या भरघोस पानोळ्यातच ओल संपते व ओंब्यांत चिमलेले दाणे राहतात.